धाव, सायकल, पुन्हा धाव: मुंबईत ड्युएथलॉनची तयारी कशी करावी आणि शर्यत कशी पार पाडावी

ड्युएथलॉनला येणारी नवी मंडळी पळायला कमी पडत नाहीत. रविवारी पन्नास-साठ किलोमीटर सायकल मारणारेही त्यांत असतात. तरीही शेवटच्या अडीच किलोमीटरला त्यांच्यातली बरीचशी चालताना दिसतात. याचं कारण ताकदीत नसतं. धाव आणि सायकल यांचा सराव वेगवेगळा झालेला असतो, आणि शर्यत अडते ती दोन्ही जिथे जोडली जातात तिथे. म्हणून या लेखातला सर्वांत मोठा भाग त्या सांध्यांसाठी आहे. क्रम बदलू नका. प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर उभा आहे.

## टप्पा १: पैसे भरण्याआधी नियमपत्रक वाचा

वर्ल्ड ट्रायथलॉन या जागतिक संघटनेच्या मापाने स्टँडर्ड ड्युएथलॉन म्हणजे १० किमी धाव, ४० किमी सायकल आणि ५ किमी धाव. स्प्रिंट म्हणजे ५, २० आणि २.५. स्थानिक आयोजक रस्ता मिळेल तशी अंतरं थोडीफार बदलतात. पहिली शर्यत स्प्रिंटच असावी, असं माझं ठाम मत आहे. तुम्ही हाफ मॅरेथॉन पळत असाल तरीसुद्धा. पहिल्या वेळी शिकायचं असतं ते सांधे जोडायला, आणि ते छोट्या अंतरात शिकता येतं.

नियमपत्रकात या गोष्टी शोधून लिहून काढा:

- कटऑफ, म्हणजे शर्यत संपवायची कमाल वेळ किती, आणि प्रत्येक टप्प्याला वेगळा आहे का.
- सायकल आदल्या संध्याकाळी ठेवायची की त्याच पहाटे.
- कोणती सायकल चालेल. काही ठिकाणी रोड, हायब्रिड आणि एमटीबी (माउंटन बाइक) यांचे वेगळे गट असतात.
- ड्राफ्टिंगला, म्हणजे पुढच्या सायकलच्या मागे चिकटून वारा चुकवायला परवानगी आहे का. नसेल तर किती मीटर अंतर राखायचं.
- सायकलच्या किती फेऱ्या मारायच्या आणि त्या मोजणार कोण. मुंबईत लांब सलग रस्ता मिळत नाही, त्यामुळे चार-पाच फेऱ्यांचा मार्ग नेहमीचाच. फेरी कमी पडली तर निकाल बाद होतो, आणि दमलेल्या डोक्याला आकडे आठवत नाहीत.

सावधान: पावसाळ्यानंतर डेंग्यू, मलेरिया किंवा साधा व्हायरल ताप येऊन गेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय शर्यतीचा विचार करू नका. चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर सराव सुरू करण्याआधी तपासणी करून घ्या. शर्यतीच्या आठवड्यात केलेल्या तपासणीचा काही उपयोग नाही.

## टप्पा २: सायकल ठीक करा, नवी घेऊ नका

हातात आहे ती सायकल पुरे. गिअर नीट पडत असतील, ब्रेक लागत असतील आणि सीटची उंची बरोबर असेल, तर हायब्रिडवर स्प्रिंट आरामात होते. सीटची उंची पाहायची सोपी रीत: सायकलवर बसून टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल अगदी खाली न्या. गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा. प्रत्यक्ष चालवताना पावलाचा पुढचा भाग पॅडलवर येतो, मग गुडघ्याला हवा तेवढा बाक आपोआप मिळतो. रस्त्यावर दिसणाऱ्या निम्म्या सायकलींच्या सीट खाली असतात. त्यामुळे मांड्या लवकर भरून येतात आणि दुसऱ्या धावेला पाय उचलत नाहीत.

सर्व्हिसिंग शर्यतीच्या आठ-दहा दिवस आधी करा. आदल्या दिवशी केली तर नवी केबल थोडी ताणली जाते आणि गिअर ऐन वेळी घसरायला लागतात.

हवेचं प्रमाण टायरच्या रुंदीवर आणि तुमच्या वजनावर ठरतं. सत्तर किलोच्या आसपास वजन असेल तर २५ मिमीच्या टायरला साधारण ८० ते ९० पीएसआय, २८ मिमीला ७० च्या जवळपास, हायब्रिडच्या ३२-३५ मिमीला ५० ते ६०. टायरच्या बाजूला छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. तिथपर्यंत हवा भरायची नसते. मुंबईच्या रस्त्यांवर फ्लायओव्हरचे सांधे, गटारांची झाकणं, पेव्हर ब्लॉकचे पट्टे आणि मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटा येतात. दगडासारख्या कडक टायरवर सायकल तिथे उडते आणि ब्रेक लावायला पकड उरत नाही.

तपासा: पुढचं चाक उचलून फिरवा. ब्रेक पॅडला घासतंय का? चेनवरून कोरडं फडकं फिरवा. तांबूस डाग आला तर चेन गंजायला लागली आहे. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी हे दर आठवड्याला पाहावं.

## टप्पा ३: आठ आठवड्यांचा सराव, आणि त्यात ब्रिक

सायकल चालवून लगेच पळायच्या सरावाला ब्रिक म्हणतात. तो केल्याशिवाय शर्यतीला जाऊ नका. सायकलवरून उतरल्यावर पहिली पाच-सात मिनिटं पाय आपले वाटत नाहीत. पोटऱ्या जड होतात, पावलं लांब पडतात, आणि श्वास वेगाशी जुळत नाही. शरीराला हे ओळखीचं करून देणं, एवढंच ब्रिकचं काम.

तुम्हाला न थांबता ५ किमी पळता येतं आणि २० किमी सायकल मारता येते, असं धरून आठवड्याचा आराखडा: दोन स्वतंत्र धावा, दोन स्वतंत्र सायकल फेऱ्या आणि एक ब्रिक. उरलेले दोन दिवस विश्रांती किंवा हलका व्यायाम. ब्रिक असा वाढवा:

1. आठवडा १ व २: ४० मिनिटं सायकल, लगेच १० मिनिटं धाव.
2. आठवडा ३ व ४: १५ मिनिटं धाव, ४० मिनिटं सायकल, १० मिनिटं धाव.
3. आठवडा ५ व ६: ३ किमी धाव, १५ किमी सायकल, २ किमी धाव.
4. आठवडा ७: ५ किमी धाव, १५ किमी सायकल, २ किमी धाव. शर्यतीचेच कपडे, तेच बूट, तेच खाणं, आणि शर्यतीच्याच वेळी.
5. आठवडा ८: सगळं निम्म्यावर. शेवटचे दोन दिवस फक्त हातपाय मोकळे करणं.

शेवटच्या आठवड्यात जादा सराव करून फायदा होत नाही. थकवा मात्र अंगात राहतो. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी गुरुवारी एकदा वेग तपासून पाहायचा मोह होतोच. तो आवरा.

मुंबईत जागेचा प्रश्न खरा आहे. मरीन ड्राइव्हचा फूटपाथ साडेतीन किलोमीटरच्या आसपास सलग मिळतो; धावायला उत्तम. पहाटे एनसीपीएच्या टोकापासून सायकलीही निघतात. उपनगरात बीकेसीचे रुंद रस्ते रविवारी सकाळी मोकळे असतात. नवी मुंबईकरांना पामबीच रोड आहे, पण तिथे गाड्या भन्नाट वेगाने जातात, म्हणून मागचा लाल दिवा उजाडल्यावरही चालू ठेवा. चढाचा सराव हवा असेल तर ठाणेकरांना येऊर आणि दक्षिण मुंबईकरांना पेडर रोड. आरेत सावली आणि चढउतार दोन्ही मिळतात, मात्र तिथे बिबट्यांचा वावर आहे. अंधारात एकट्याने जाऊ नका.

ब्रिकसाठी सायकल कुठे ठेवायची, हा नेहमीचा सवाल. सोसायटीच्या आवारापासून फेरी सुरू करून तिथेच संपवा, वॉचमनकाकांना सांगून सायकल लावा आणि तसेच पळायला निघा. घरात ट्रेनर, म्हणजे सायकल जागेवरच चालवता येईल असा स्टँड असेल तर पावसाळ्यातही ब्रिक चुकत नाही.

तपासा: एकदा तासाभराच्या सरावाआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. जितके किलो कमी, साधारण तितके लिटर घाम गेला; मध्ये पाणी प्यायला असाल तर ते त्यात मिळवा. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग थंडही होत नाही. थंडीच्या दिवसांत पुण्यात किंवा नाशकात जमलेला वेग इथे तसाच जमेल असं गृहीत धरू नका.

## टप्पा ४: ट्रान्झिशनची तालीम घरी करा

धावेकडून सायकलकडे जाणं म्हणजे टी-वन, सायकलकडून धावेकडे जाणं म्हणजे टी-टू. दोन्हींत घड्याळ चालूच असतं.

पहिल्या स्प्रिंटसाठी माझा सल्ला: क्लीटचे, म्हणजे पॅडलला अडकणारे बूट घालू नका. साधे पॅडल ठेवा आणि पळायच्या बुटांतच सायकल चालवा. क्लीटने २० किमीत जे मिळतं, ते दोनदा बूट बदलण्यात बरंचसं निघून जातं. शिवाय धाप लागलेली असताना क्लीट अडकवताना पडणारे कमी नाहीत.

एक पंचा जमिनीवर पसरा आणि तालीम सुरू करा:

1. हेल्मेट हँडलवर उलटं ठेवा, पट्टे दोन्ही बाजूंना मोकळे सोडलेले. चष्मा हेल्मेटच्या आत.
2. सायकल हलक्या गिअरवर. बाटली आधीच जागेवर.
3. पळत या. हेल्मेट घाला, बकल लावा, आणि मगच सायकलला हात लावा.
4. सायकल ढकलत माउंट लाइनपलीकडे न्या. रेषेच्या आधी बसायचं नाही.
5. परतताना डिस्माउंट लाइनच्या आधी उतरा. सायकल स्टँडला लावा. त्यानंतरच बकल काढा.

तिसरी आणि पाचवी पायरी उलटी झाली की दंड ठरलेला, कधी थेट बाद. घामाने बोटं बुळबुळीत झालेली असतात, हनुवटीखाली बकल दिसत नाही, आणि दोन्ही टोकं एकमेकांना चुकवत राहतात. मागून कुणीतरी सायकल काढून पळत सुटतं आणि हात आपसूक स्वतःच्या सायकलकडे जातो. नियम तिथे मोडतो. म्हणून ही तालीम जिने चढून-उतरून, दम लागलेला असताना करा. न बघता, एका दमात बकल लागेपर्यंत करत राहा.

बिब, म्हणजे तुमचा स्पर्धक क्रमांक, सेफ्टी पिनांनी बनियनला लावण्यापेक्षा इलॅस्टिकच्या पट्ट्यावर लावा. सायकलवर नंबर पाठीमागे आणि धावताना पुढे असा नियम अनेक ठिकाणी असतो. पट्टा फिरवला की काम झालं.

## टप्पा ५: आदला दिवस

नवीन काही नाही: नवे मोजे नकोत, नवी एनर्जी जेल नको, शर्यतीआधीच्या एक्स्पोत (प्रदर्शनात) विकत घेतलेला टी-शर्टही नको. सुती बनियन घामाने भिजून जड होतो आणि छाती, काखा, मांड्या सोलवटतात. पॉलिस्टरचा जुना, धुतलेला शर्ट घाला आणि घासणाऱ्या जागी व्हॅसलिन लावा.

जेवण साधं: वरण-भात, मऊ खिचडी, दही चालत असेल तर दही. छोले, मिसळ, कच्ची कोशिंबीर, बाहेरचं तळण आज नको. पाणी दिवसभर थोडं थोडं प्या; रात्री एकदम दोन लिटर प्यायल्याने फक्त झोप मोडते.

रात्रीच बॅग भरून दाराशी ठेवा. हेल्मेट, बिब, टायमिंग चिप, पंचा, पंप, जादा ट्यूब, टायर लिव्हर, दोन बाटल्या, पुढचा-मागचा दिवा, ओळखपत्र, कोरडे कपडे, चप्पल. हेल्मेट विसरून आलेला स्पर्धक दर मोसमात दिसतो, आणि त्याला सायकलवर सोडत नाहीत.

## टप्पा ६: पहाट आणि प्रवास

जानेवारीत मुंबईत सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो. शर्यत सहा-साडेसहाला असेल तर तुम्ही अंधारातच पोचणार, म्हणून सायकलने जात असाल तर दिवे हवेतच. सी लिंक, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे आणि अटल सेतू यांवर सायकलला बंदी आहे. मोबाइलमधला नकाशा कारचा रस्ता दाखवतो; रात्रीच खालचा रस्ता ठरवून ठेवा.

लोकलने जायचं तर लगेजच्या डब्यातून, सायकलचं रीतसर तिकीट काढून. पहाटेच्या गाडीत जागा मिळते, पण मासळीच्या टोपल्या आणि भाजीचे गठ्ठे असतात. डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) भिंतीकडे करून उभे राहा. टॅक्सी किंवा कारने जायचं तर पुढचं चाक काढा आणि सीटवर जुनी चादर टाका. डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर ब्रेकचा खटका चुकूनही दाबू नका. पॅड आत चिकटतात आणि चाक परत बसत नाही. दोन पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून ठेवा.

खाणं सुरुवातीच्या दोन-अडीच तास आधी: दोन केळी, किंवा ब्रेड-जॅम, किंवा थोडा उपमा, जे सरावात पचलं असेल ते. रोज चहा घेत असाल तर घ्या. शौचालयाची रांग सुरुवातीआधी अर्धा तास सर्वांत लांब असते, त्यामुळे पोचल्या पोचल्या आधी तिकडे जा.

तपासा: सायकल लावल्यावर तिची जागा दोन दिशांनी चालून पाहा. धावून आत येण्याच्या वाटेपासून तुमच्या स्टँडपर्यंत, आणि तिथून माउंट लाइनपर्यंत. रांगा मोजा, खांब किंवा झाड यांची खूण धरा. शेजारच्या सायकलची खूण धरू नका. तुम्ही याल तेव्हा ती तिथे नसेल.

## टप्पा ७: पहिली धाव

सगळ्यांत महागात पडणारी चूक इथे होते. अंग ताजं असतं, ढोल वाजत असतात, सगळे सुसाट सुटतात आणि तुम्हीही सुटता. हिशेब करून बघा. एरवी ५ किमी ३० मिनिटांत पळत असाल, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं, तर इथे ६:१५ ते ६:२० ने पळा. फार तर दीड-पावणेदोन मिनिटं जातील. उलट इथे दमलात आणि शेवटचे अडीच किमी ६:४५ ऐवजी ९ मिनिटांच्या चालीने गेलात, तर साडेपाच मिनिटं जातात. सायकलवर गमावलेली वेळ वेगळीच.

पहिल्या किलोमीटरला शंभर जण पुढे जाऊ द्या. एखादं पूर्ण वाक्य तोंडाने बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे. शेवटच्या दोनशे मीटरला वाढवू नका, थोडा कमी करा. पुढे बकल लावायचं आहे.

## टप्पा ८: सायकल

पहिली पाच मिनिटं हलक्या गिअरवर, मिनिटाला ८०-९० पॅडल, श्वास जागेवर येईपर्यंत. मग पाणी. २० किमीला एक बाटली पुरते, पण ती संपवायची असते; भरलेली बाटली परत आणणारे बरेच दिसतात. घोट घोट, दर दहा मिनिटांनी. बाटलीत डब्ल्यूएचओ सूत्राचं ओआरएस त्यावर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळा. शर्यत दोन तासांवर जाणार असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. नुसतं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं, रक्तातलं सोडियम उतरतं.

डावीकडे राहा, उजवीकडून पुढे जा, आणि जाताना “उजवीकडून!” असं मोठ्याने सांगा. यू-टर्नच्या आधी ब्रेक लावा, वळताना नाही. आणि गिअर वळणाआधीच हलका करा. चौपाटीजवळ रस्त्यावर वाळू असते, तिथे सायकल कलती करू नका. सांधा किंवा लोखंडी प्लेट आली तर सरळ, नव्वद अंशांत ओलांडा. इअरफोन पूर्ण बंद.

फेऱ्या मोजण्यासाठी हँडलवर चिकटपट्टीचे तुकडे लावा, फेरीला एक तुकडा फाडून मांडीवर चिकटवा. कचरा रस्त्यावर टाकायचा नाही, त्यालाही दंड असतो.

शेवटच्या एक किलोमीटरला गिअर एक-दोनने हलका करा आणि पाय भरभर फिरवा. सीटवरून क्षणभर उठून पोटऱ्या ताणा. दुसरी धाव कशी जाणार, ते बरंचसं या किलोमीटरवर ठरतं.

## टप्पा ९: टी-टू आणि शेवटची धाव

उतरा, सायकल लावा, बकल काढा, हेल्मेट ठेवा, नंबर पुढे फिरवा, निघा. हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून पळत सुटलेले लोक दिसतात. हात डोक्याला लावून मगच बाहेर पडा.

पहिले पाचशे मीटर पावलं मुद्दाम छोटी आणि भरभर टाका. वेग घड्याळात पाहू नका, आकडा फसवतो. पाय सातव्या-आठव्या मिनिटाला मोकळे होतात, आणि ब्रिक केलेल्यांना ते माहीत असल्यामुळे घाबरायला होत नाही.

सावधान: अंगावर काटा येणं, घाम अचानक थांबणं, डोकं गरगरणं, छातीत दडपण, बोलताना शब्द अडखळणं, यातलं काहीही झालं तर थांबा, सावलीत जा आणि स्वयंसेवकाला हाक मारा. दुसऱ्या कुणाचं असं होताना दिसलं तरी थांबा.

## टप्पा १०: नंतर

रेषा ओलांडली की बसकण मारू नका. दहा मिनिटं चाला, घोट घोट पाणी किंवा कोकम सरबत घ्या, तासाभरात नीट जेवा. चिप परत करा. सायकल बाहेर काढताना बिब आणि सायकलवरचा नंबर जुळवून पाहतात, म्हणून बिब फेकू नका. रविवारी मेगाब्लॉक बहुधा दहा-अकराला सुरू होतो. बक्षीस समारंभाला थांबायचं असेल तर परतीची गाडी आधी पाहून ठेवा.

घरी आल्यावर त्याच दिवशी चेन पुसून तेल घाला. आणि निकालातले पाच आकडे वहीत उतरवा: पहिली धाव, टी-वन, सायकल, टी-टू, दुसरी धाव. दोन्ही धावांचा किलोमीटरमागचा वेग काढा. फरक ३० सेकंदांच्या आत असेल तर पुढच्या वेळी पहिली धाव थोडी वाढवायला हरकत नाही. ४५ सेकंदांच्या वर असेल, तर स्टँडर्डचा अर्ज भरू नका; पुन्हा टप्पा ३ वर या आणि ब्रिक आठवड्याला दोन करा.